आवक क्रमांक १७अ : एका वारस नोंदीचं प्रकरण

हे प्रकरण बारा हजार रुपयांचं आहे, आणि तेही सगळे दिले गेले नाहीत. एवढ्याशा रकमेवर इतकं लिहायचं कारण असं, की भ्रष्टाचाराचा विषय निघाला की आपण लगेच मोठे आकडे काढतो. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या निर्देशांकात भारताला शंभरात ३८ गुण मिळाले, १८० देशांत ९६ वा क्रमांक आला. ठीक आहे. पण लाच कुठल्या टेबलावर मागतात, कुठल्या दिवशी मागतात आणि नेमकी त्याच दिवशी का मागतात, हे त्या ३८ मध्ये दिसत नाही. मला ते एका वारस नोंदीत दिसलं.

गाव आणि माणसांची नावं गाळली आहेत, काही तारखा मागेपुढे केल्या आहेत. घटनांचा क्रम तोच ठेवला आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. तालुक्याच्या गावी आठवड्यातून दोन दिवस लोकांना अर्ज लिहून देतो. या प्रकरणात माझीही एक चूक आहे, ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

पर्जन्यछायेतला तालुका. साडेतीन एकर जमीन, एक विहीर, दोन गायी. वडील जानेवारी २०२३ मध्ये गेले. मागे आई, दोन मुलगे आणि एक लग्न होऊन गेलेली मुलगी. थोरला चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामावर, धाकटा शेती बघतो.

माणूस गेला की सातबाऱ्यावर वारसांची नावं लावावी लागतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात अजून तलाठीच, आणि समोर गेलं की 'भाऊसाहेब'.) तलाठी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६क मध्ये नोंद घेतो, चौकशी होते, मग नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, पडतो. संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं, आणि कोणाची हरकत नसेल तर मंडळ अधिकारी, म्हणजे गावच्या भाषेत सर्कल, नोंद प्रमाणित करतो. सगळं सरळ झालं तर महिना-दीड महिन्याचं काम.

हरकत आली तर मात्र नोंद 'तक्रारी' होते. विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, ६अ मध्ये जाते, सुनावणी लागते, आणि तिचा निकाल द्यायला कायद्याने एक वर्षाची मुदत ठेवली आहे. कोणीतरी एक कागद दिला की महिन्याचं काम वर्षावर जातं. पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

घराची दुसरी घडी सोसायटीची होती. वडिलांच्या नावावर विविध कार्यकारी सोसायटीचं नव्वद हजारांचं पीक कर्ज. ३१ मार्चच्या आत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, आणि एप्रिल-मेमध्ये नवीन उचल मिळते. यालाच नवं-जुनं म्हणतात. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचा भाव इतका पडला होता की सरकारला क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. (त्या अनुदानाच्या अर्जालाही सातबारा लागत होता.) तरी धाकट्याने कांदा विकून, एक गाय देऊन नव्वद हजार भरले. आता नवीन उचल हवी तर सातबाऱ्यावर जिवंत माणसाचं नाव हवं.

अडचण

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात धाकटा अर्ज घेऊन तलाठी कार्यालयात गेला. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधारच्या प्रती, सगळं होतं. अर्ज दिला, पोच घेतली नाही. "मागितली तर भाऊसाहेबांना राग येईल असं वाटलं," तो मला नंतर म्हणाला. पहिला निर्णय इथे झाला, आणि तो निर्णय आहे हे तेव्हा कोणाला कळलंही नाही.

भाऊसाहेबांच्या टेबलाच्या डाव्या बाजूला प्लॅस्टिकच्या स्टुलावर एक मुलगा बसायचा. सरकारी नोकर नाही, पगार नाही, नेमणूक नाही. अशांना आमच्याकडे 'झिरो' म्हणतात, आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या कागदात 'खाजगी इसम'. लॅपटॉपवर नोंदी तोच टाकायचा, कुठलं रजिस्टर कुठल्या कपाटात आहे ते त्यालाच माहीत. हा मुलगा तिथे का होता, हे समजून घेतलं पाहिजे. तलाठ्याकडे स्वतःची सजा (म्हणजे त्याच्या हद्दीतली गावं) होतीच, शेजारच्या सजेचाही भार होता. त्यात निवडणुकीची कामं, गारपिटीचे पंचनामे, वाळूच्या गाड्या, पीक पाहणी. जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले, म्हणजे माणसांची वाण नव्हती, भरतीची होती. मधल्या काळात काम करायला हाताखाली कोणीतरी हवं. त्याला पगार सरकार देत नाही, तलाठी खिशातून देत नाही, मग तो कुठून निघतो? टेबलासमोर उभा असलेल्या माणसाकडून. एकदा ही व्यवस्था बसली की महिन्याला काही रक्कम निघावीच लागते, आणि मग ती झिरोच्या पगारापुरती थांबत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात धाकटा पुन्हा गेला. बोलता बोलता म्हणाला, "दादा, एकतीस मार्चला सोसायटी भरतोय. एप्रिलात उचल घ्यायचीय, तेवढं बघा." झिरोने मान हलवली. चहा मागवला. मग दर सांगितला, बारा हजार.

"बारा कशाचे?"

"भाऊसाहेबांचे सात, सर्कलचे तीन, माझे दोन."

किराणा दुकानदार तेल-साखरेचा हिशेब सांगतो तसा सांगितला म्हणे. सर्कलपर्यंत खरंच काही पोचत होतं का, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. वरच्याचं नाव सांगून खालच्याने घ्यायची रीत जुनी आहे. पण मला खटकलं ते वेगळंच. त्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंची वारस नोंद आदल्या महिन्यात तीन हजारांत झाली होती. काम तेच, रजिस्टर तेच, तलाठी तोच. बाईंना कसली घाई नव्हती, धाकट्याने स्वतःच्या तोंडाने तारीख सांगितली होती. एकतीस मार्च हा शब्द उच्चारल्यावर तीनाचे बारा झाले. दर नोंदीचा नव्हता, तारखेचा होता.

समोरचे पर्याय

घरात चार वाटांवर बोलणं झालं.

पहिली, द्यायचे आणि मोकळं व्हायचं. थोरल्याचं मत हेच. एक दिवस सुट्टी काढून चाकणहून यायचं म्हणजे त्याचा दिवसाचा पगार जातो, वर गाडीभाडं. त्याच्या हिशेबात खोट नव्हती.

दुसरी, ओळख लावायची. पंचायत समितीचा एक माजी सदस्य नात्यातला. त्याने फोन केलाही. भाऊसाहेब "करून टाकतो" म्हणाले आणि काहीच झालं नाही. अशा फोनने काम झालं असतं तरी ते उपकार म्हणून झालं असतं, आणि पुढच्या निवडणुकीत फिटलं असतं.

तिसरी, तहसीलदारांकडे लेखी तक्रार. पण कशाच्या जोरावर? अर्ज दिल्याची पोचच नव्हती. "अर्ज आलाच नाही" म्हटलं असतं तर बोलणं खुंटलं.

चौथी, लाचलुचपत विभाग. १०६४ हा नंबर सगळ्या सरकारी भिंतींवर रंगवलेला असतो. तो वाचतात सगळे, लावत कोणी नाही. आईचं म्हणणं, "कार्यालयाशी वैर घेऊन शेती होत नाही." याच सजेत पुढची वीस वर्षं पीक पाहणी, पंचनामे, दाखले. तिचं म्हणणं भित्रेपणाचं नव्हतं, अनुभवाचं होतं.

याच सुमाराला झिरोने पाचवी वाट दाखवली, आणि प्रकरणातली सगळ्यांत निसरडी जागा तीच. तो थोरल्याला फोनवर म्हणाला, "ताईचं नाव न लावता पण होतंय. पंधरा वेगळे लागतील. चौकशीत आम्ही बघतो." मुलीचा हक्क आई आणि भावांइतकाच असतो. तिला नको असेल तर तिने स्वतः निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं असतं. इथे तिला न विचारता तिचं नाव गाळायचं होतं. थोरला दोन दिवस गप्प होता. हे त्याने मला स्वतः सांगितलं, म्हणून लिहितो.

बारा हजार ही खंडणी होती. आपलं हक्काचं काम अडवून घेतलेली. हे पंधरा हजार भागीदारीचे होते, आणि त्यात लुबाडली जाणार होती ती घरातलीच. सरकारी कागदावर लाच नावाचा एकच शब्द दोन्हीला लागतो. पण पहिलीत देणारा तक्रार करू शकतो, दुसरीत त्याचंही तोंड बंद होतं. पंधरा हजार दिले असते तर पुढे कोणीच कोणाविरुद्ध बोललं नसतं आणि हे प्रकरणही घडलं नसतं. आईने विषय एका वाक्यात मिटवला. "तिच्या बापाचं पण रान आहे ते." थोरल्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

काय केलं

२८ मार्चला धाकट्याने दोन हजार दिले. पूर्ण नाही, मुळीच नाही असंही नाही. आपल्याकडे बहुतेक लोक याच ठिकाणी जाऊन थांबतात. थोडं देऊन बघू. पैसे पोचले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फेरफाराचा नंबर पडला, नोटीस निघाली. धाकट्याला वाटलं, झालं. पंधरा दिवस उलटले, प्रमाणित काही होईना. झिरो म्हणाला, "दहा राहिलेत ना. हरकत-बिरकत आली तर परत माझ्याकडे येऊ नका."

मेच्या पहिल्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. आणि मी माझ्या सवयीचं हत्यार उचललं. माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीन प्रश्न, माझा अर्ज कोणत्या तारखेला आला, तो कोणत्या टप्प्यावर आहे, विलंबाचं कारण काय. तहसील कार्यालयात दिला, पोच घेतली. मला वाटलं, तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागेल, त्याआधी घाबरून नोंद करतील. अनेकदा असं होतंही.

इथे उलटं झालं. अर्ज वरून खाली तलाठ्याकडेच माहितीसाठी गेला, आणि आठवड्यात कळलं की नोंदीवर चुलतभावाची हरकत आहे. तारीख एप्रिलमधली, पंधरा दिवसांच्या मुदतीतली. नोंद तक्रारी झाली.

आम्ही आवक नोंदवही बघायला मागितली. ते पान अजून डोळ्यांसमोर आहे. निळ्या शाईच्या ओळी, एकाखाली एक, १६, १७, १८. सतरा आणि अठराच्या मधे दाटीवाटीने काळ्या बॉलपेनने लिहिलेली एक ओळ. क्रमांक १७अ. अक्षर लहान, कारण जागाच नव्हती. मी मोबाइलवर फोटो घेतला. झिरो म्हणाला, "घ्या की. फोटोनं काय होतंय?"

त्या संध्याकाळी धाकटा माझ्या ओट्यावर बसला होता. म्हणाला, "गुरुजी, आता वरीस जाणार. मी दहा देऊन टाकतो." मी अडवलं नाही. फक्त १०६४ चा नंबर कागदावर लिहून दिला, कारण नंबर तोंडी सांगितला तर लोक विसरल्याचं सोंग घेतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याने तो लावला. आईला न सांगता.

त्याची मोठी भीती वेगळी होती. आपण दोन हजार दिलेत, आपणच अडकू. भीती पोकळ नव्हती. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ चा. त्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, आणि लाच देणंही सरळ गुन्हा ठरलं. नाइलाजाने दिली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलं पाहिजे, तर सुटका. सात दिवस कधीच उलटले होते. सापळ्याचं तसं नाही. विभागाला आधी सांगून दिलेले पैसे गुन्ह्यात धरत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने एवढंच सांगितलं, "आधीचं लपवू नका. जबाबात लिहा. तक्रार आताच्या मागणीची घेतोय." सात दिवसांची ही अट खेड्यातल्या किती लोकांना माहीत असेल? मी कागदपत्रांत वावरणारा माणूस, मलाही ती नीट तेव्हाच कळली.

आधी पडताळणी. दोन सरकारी पंच, धाकट्याच्या खिशात रेकॉर्डर. झिरो बोलला, पण तलाठ्याने बोलणं महत्त्वाचं होतं. मागणी लोकसेवकाची आहे हे दिसलं पाहिजे. दुसऱ्या खेपेला तलाठ्याने स्वतः आकडा काढला. दहाचे आठ झाले. विभागाच्या भाषेत 'तडजोडीअंती आठ हजार'. हे दोन शब्द वर्तमानपत्रात रोज वाचतो आपण. त्यामागे एक शेतकरी स्वतःच्याच लाचेची घासाघीस करत उभा असतो, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आठ हजार रुपये तक्रारदारानेच आणायचे असतात. पाचशेच्या सोळा नोटा. प्रत्येक नोटेचा नंबर पंचनाम्यात उतरवला, नोटांना पांढरी पावडर लावली. ती फिनॉल्फ्थेलीन. पावडर लावणाऱ्याने बोटं काचेच्या भांड्यातल्या सोड्याच्या पाण्यात बुडवून दाखवली आणि पाणी गुलाबी झालं. धाकटा म्हणाला, "गुरुजी, जत्रंतल्या सरबतासारखं." सूचना एकच, पुन्हा पुन्हा सांगितलेली. मागितल्याशिवाय नोटा काढायच्या नाहीत. नुसते पैसे सापडून भागत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. तक्रारदार उलटला तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं आहे. पण त्यासाठी तो इतर पुरावा आधी असावा लागतो.

पहिल्या दिवशी सापळा फसला. भाऊसाहेब पंचनाम्याला गेले ते आलेच नाहीत. पंच परत गेले, नोटा सीलबंद झाल्या. त्या रात्री धाकटा झोपला नाही. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब होते. मान न उचलता हनुवटीने स्टुलाकडे खूण केली. झिरोने नोटा घेतल्या, पँटच्या खिशात घातल्या. धाकट्याने टोपी काढून परत घातली, तो इशारा ठरला होता. तलाठ्याने पैशांना हात लावला नव्हता, तरी तो अडकला, कारण नोटा खिशात जाताना त्याने झिरोला विचारलेले दोन शब्द रेकॉर्डरमध्ये आले होते. "मोजले का?"

निष्पत्ती

दोघांना अटक झाली. अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडी झाल्यावर नियमाप्रमाणे तलाठी निलंबित मानला जातो, तसा झाला. बातमी चार ओळींची आली. महसूल आणि पोलीस ही दोन खाती सापळ्यांच्या यादीत दरवर्षी वरच असतात, त्यामुळे बातमीला कोणी दचकत नाही.

आणि नोंद? ती तिथेच. सजेचा भार ज्याच्याकडे गेला त्याच्याकडे आधीच दोन सजा होत्या. तो आठवड्यातून एकदा यायचा. कपाटाची किल्ली तपासात, लॅपटॉप तपासात. गावातली लोकं धाकट्याला म्हणू लागली, "तुझ्यामुळं सगळ्यांचीच कामं अडली." दाखल्यासाठी ताटकळलेल्या एकाने तर पारावर सगळ्यांसमोर सुनावलं. हे बोलणारे काही तलाठ्याच्या बाजूचे नव्हते. त्यांचंही काम दोन-तीन हजारांत होत होतं, आता कशातच होईना.

सोसायटीची उचल हुकली. पेरणीसाठी साठ हजार शेकडा तीनने घेतले. पाच महिन्यांचं व्याज नऊ हजार. आधी गेलेले दोन हजार गेलेच. सापळ्यातले आठ हजार सरकारकडून परत मिळतात, तसे मिळाले, पण बऱ्याच महिन्यांनी. जिल्ह्याच्या खेपा वेगळ्या, आईचं रक्त आटलं ते वेगळं. मे महिन्यात उरलेले दहा देऊन टाकले असते तर रोखीच्या हिशेबात ते स्वस्त पडलं असतं. लोकांना तक्रार करा म्हणून सांगताना आपण हा हिशेब झाकतो. मला तो झाकायचा नाही, कारण लोक तो मनातल्या मनात आपल्याआधी करतात.

सप्टेंबरमध्ये तहसीलदारांनी फेरफार अदालत घेतली. १७अ चा फोटो तिथे कामाला आला. चुलतभावाला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, बांधाच्या मोजणीचा अर्ज म्हणून झिरोने कोऱ्या कागदावर सही घेतली होती, हरकतीचं आपल्याला काही माहीत नाही. खरं की खोटं, देव जाणे. हरकत फेटाळली. नोंद प्रमाणित झाली. सातबाऱ्यावर चार नावं आली, आई, दोन भाऊ आणि ताई.

वेगळं काय करता आलं असतं

पोच. माझ्यापुरतं या प्रकरणाचं निम्मं उत्तर हेच आहे. ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या वारस नोंदीचा अर्ज करता येतो, त्याला क्रमांक आणि तारीख मिळते. तो क्रमांक असता तर फेब्रुवारीपासूनचा विलंब सिद्ध करायला कोणाच्या आवक नोंदवहीची गरज पडली नसती. फाईल एका टेबलावर सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त अडवू नये, असं महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यातच आहे. पण सात दिवस मोजायचे कुठून, हे कागदावर नसेल तर त्याचा उपयोग काय?

दुसरं, आपली निकड समोरच्याला सांगायची नाही. ऐकायला हे फार क्षुल्लक वाटतं. पण लेकीचं लग्न, सोसायटीची तारीख, कॉलेजचा प्रवेश, यातलं काहीही त्या टेबलापुढे उच्चारलं की दर चढतो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता हे पहिल्या भेटीत सांगतो.

माझी चूक माहिती अधिकाराची. अर्ज करणं चूक नव्हतं, वेळ चुकली. हरकतीची मुदत संपून गेल्याची सहीशिक्क्याची नक्कल आधी हातात घ्यायला हवी होती. ती नसताना मी प्रश्न विचारून समोरच्याला फक्त सावध केलं. ज्याच्याविरुद्ध विचारायचं त्याच्याकडेच प्रश्न फिरत जाणार, हे वीस वर्षं शाळेच्या कार्यालयाचा कारभार पाहिलेल्या माणसाला सुचायला हवं होतं.

चौथी गोष्ट कोणा एकाच्या हातातली नाही. त्याच महिन्यात त्याच सजेत आणखी काही नोंदी रखडल्या होत्या. ती घरं एकमेकांना ओळखत होती, रोज एका पाण्याच्या टाकीवर भेटत होती. पण लाच दिल्याचं कोणी बोलत नाही. जणू तो आपलाच गुन्हा, घरातला आजार. पाच घरं मिळून तहसीलदारांपुढे गेली असती तर धाकट्याला एकट्याला टोपी काढायची वेळ आली नसती.

आणि सरकारच्या बाजूचं म्हणाल तर उदाहरण डोळ्यांसमोर आहे. एके काळी सातबाऱ्याचा साधा उतारा काढायलाही चिरीमिरी लागायची. आता डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मोबाइलवर येतो, त्यात द्यायचं कोणाला आणि मागणार कोण? तिथली लाच उपदेशाने गेली नाही. मधला माणूस गेला, लाच गेली. वारस नोंदीत माणूस पूर्ण काढता येणार नाही, चौकशी कोणीतरी केलीच पाहिजे. पण हरकत हाताने वहीत लिहायची सोय बंद करता येते. हरकत देणाऱ्याला स्वतःच्या मोबाइलवर पोच आली पाहिजे, आणि ज्याच्या नोंदीवर हरकत आहे त्याला त्याच दिवशी. चुलतभावाला तसा संदेश गेला असता तर १७अ जन्मालाच आलं नसतं. प्रमाणित व्हायच्या राहिलेल्या नोंदींची तारीखवार यादी दर सोमवारी चावडीच्या भिंतीवर लावली तर मागचा नंबर पुढे कसा गेला, हे गावालाच दिसेल. नव्या तलाठ्याने अशी यादी लावली होती. चार महिने ती बदलत राहिली. नंतर तोच कागद पिवळा पडेपर्यंत भिंतीवर होता.

झिरोचा प्रश्न मात्र सापळ्याने सुटत नाही. त्या सजेला एक पगारी मदतनीस दिला असता तर महिन्याला किती खर्च आला असता? सरकारने तो वाचवला. गावाने भरला.

सध्या

विभागाने दोषारोपपत्र दाखल केलं. त्याआधी कलम १९ प्रमाणे खटल्यासाठी मंजुरी लागते, ती यायला वेळ गेला. तलाठी अकार्यकारी पदावर, म्हणजे ज्या टेबलापुढे जनता येत नाही अशा ठिकाणी पुन्हा रुजू झाला आहे. दोष सिद्ध होईपर्यंत तो निर्दोषच, आणि त्याचाही एक संसार आहे. झिरोने तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं आहे. दुकान चांगलं चालतं. मीही एकदा घाईत तिथे प्रती काढल्या, ओळखून त्याने पैसे घेतले नाहीत, मी टेबलावर ठेवून आलो.

ताईने हक्कसोडपत्र केलेलं नाही. थोरल्याने विचारलंही नाही. दिवाळीला ती दोन दिवस जास्त राहते, एवढाच फरक आईला जाणवला.

गेल्या जूनमध्ये, नेमकी वापसा आल्यावर, धाकट्याला विशेष न्यायालयाचं समन्स आलं. पेरणी अर्धी टाकून तो माझ्याकडे आला. कागद दोन वेळा वाचून घेतला, घडी घातली, उघडली.

"गुरुजी, त्या सोळा नोटांचे नंबर मला तोंडपाठ लागतील का?"